बंदुकीनं बांधलेला फेटा

सासऱ्यांचा फेटा बंदुकीतून उडवणारा आमच्या जिल्ह्यात मी एकटाच जावई आहे. दुसरा कोणी असल्यास त्यानं पुढं यावं, मी त्याला चहा पाजीन.

माझी सासुरवाडी गडहिंग्लजच्या अलीकडं, एसटी जिथं तोंड फिरवून परत निघते अशा गावात. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू ओतायची, लांब गजानं ठासायची, मागच्या भोकावर पितळी टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. उसात डुकरं शिरली की मामा ती हवेत वाजवायचे. डुकरांचं काय व्हायचं माहीत नाही, शेजारी मात्र उठून बसायचे.

पण बंदुकीची खरी नोकरी वर्षातून एकच दिवस. दसऱ्याला पालखी शिवेवर पोचली की मामांनी बार काढायचा, आणि बार ऐकल्याशिवाय गावात कुणी आपट्याच्या पानाला हात लावायचा नाही. हा मान त्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेला. भावकीतल्या गणपतरावांचा त्यावर डोळा. "तुमची बंदूक दमली की सांगा, आम्ही सुतळी बाँब लावतो," असं ते दर दसऱ्याला म्हणायचे, आणि बाँब खरोखरच खिशात घालून यायचे.

लग्नानंतरचा माझा तो पहिला दसरा. सकाळी मामा म्हणाले, "देवळात जाऊन येतो, मग बंदूक साफ करायला बसतो."

"तुम्ही कशाला? मी करतो की," मी म्हणालो. "एनसीसीत रायफल सोडून दुसरं काही हातात धरलंच नाही."

(एनसीसीत मी बँडमध्ये होतो. झांजा वाजवायचो.)

माझी बायको शोभा भाकरी थापता थापता म्हणाली, "बाबा, ह्यांच्याकडनं गॅसचा बर्नर साफ होत न्हाय. मी सांगतो, नका देऊ."

"असूदे की. पावण्यांची हौस हाय," म्हणून मामा गेले.

ठासणीच्या बंदुकीचा सगळा मळ नळीच्या बुडाशी बसतो, जिथं दारू पेटते तिथं. गेल्या दसऱ्यापासूनची काजळी तिथं डांबरासारखी चिकटली होती. गरम पाण्यानं ती सुटते, एवढं मी मामांच्या तोंडून ऐकलं होतं. बंबातलं उकळतं पाणी तांब्यात घेतलं, नळी उभी धरली आणि ओतलं. मागं टोपीचं भोक असतं आणि ते उघडं असतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. त्या भोकातनं सुईसारखी धार निघाली आणि थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली. बंदूक रिकामी होती आणि तरी तिनं नेम चुकवला नाही.

वर तो वास. भिजलेल्या काजळीला नासक्या अंड्याचा वास येतो. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर नाकाला लावून बाहेर आल्या.

"पावणं, नवरात्राचा उपास सुटला न्हाय अजून, आणि तुम्ही अंडी उकडायला बसलायसा व्हय?"

"अंडी नाहीत मामी, गंधक आहे."

"मग पोट बिघडलंय व्हय? ओवा देऊ?"

आता नळी आतून पुसायची होती. गजाला गुंडाळायला फडकं हवं. अंगणातल्या दोरीवर एक जुनं, विटलेलं, लांबच लांब मऊसूत कापड वाळत होतं. मला वाटलं, मामींनी फरशी पुसायला ठेवलेलं असणार. फाडायला कातर सापडली नाही (देवाची कृपा), म्हणून तसंच अख्खं घेतलं, एक टोक गजाला दोनतीन वेढे देऊन गुंडाळलं आणि सगळी ताकद लावून बुडापर्यंत ठासलं. गज ओढला. गज आला. कापड आलं नाही.

ओल्या काजळीत ते टोक असं रुतलं होतं की नळी माझ्या हातात आणि कापड शोभाच्या हातात, अशी आमच्या संसारातली पहिली रस्सीखेच झाली. ती जिंकत आली असताना थांबली आणि कापडाकडं बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"अवो," ती म्हणाली, "ह्यो बाबांचा फेटा हाय."

मूळचा तो मामांच्या वडलांचा. वर्षातून एकदा धुवायचा, वाळवायचा आणि तोच बांधून शिवेवर जायचं. एवढ्यात मामा आलेच. बोडक्या डोक्यानं दोरीकडं बघत म्हणाले, "माझा फेटा कुठाय?"

मी बंदूक पाठीमागं लपवली. पण सहा वार फेटा पाठीमागं लपत नाही. तो माझ्या दोन्ही बाजूंनी अंगणभर पसरला होता. मामा एका टोकाकडं बघत होते. दुसरं टोक कुठं आहे, ते मला सांगायचं होतं.

सांगितलं. मामा ओट्यावर बसले. नळीतून लोंबणारा फेटा हातानं सारखा करू लागले, आणि ते शिव्या देतील तर बरं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

मामी म्हणाल्या, "तोंडापाशी कापून टाकूया का?"

"माझ्या बाचा फेटा हाय. कातर लावायची न्हाय."

"मग बार?"

"बारबी व्हायचाच."

मामांनी आधी नळीचं बूड चुलीपाशी शेकून कोरडं केलं, मग दारूची डबी आणली. टोपीच्या भोकातनं काडीनं, आमटीत मीठ टाकावं तशी चिमूट चिमूट दारू आत सारली. म्हणजे आता दारू मागं आणि फेटा पुढं. मग उरलेला फेटा त्यांनी बंदुकीच्या नळीलाच नीट गुंडाळला, आणि आम्ही शिवेवर निघालो. मामा बोडके, बंदूक फेटा बांधलेली, आणि मी मागून लंगडत.

"आज बंदुकीचा सत्कार हाय काय?" गणपतरावांनी विचारलं.

सगळं गाव हसलं. पालखी थांबली. पोरं आपट्याच्या ढिगाभोवती हात रोखून उभी. गणपतरावांनी एका हातात बाँब आणि दुसऱ्या हातात काडेपेटी काढली. मामांनी शांतपणे फेटा सोडला, मोकळं टोक माझ्या हातात दिलं, मला बाजूला उभं केलं आणि म्हणाले, "पावणं, धरून ऱ्हावा. सोडायचा न्हाय."

मी घोडा पडायच्या आधीच सोडला.

बार असा झाला की पालखीचे भोई जागच्या जागी बसले. धुरातनं फेटा नागासारखा सळसळत निघाला, आपट्याच्या ढिगावरून गेला आणि गणपतरावांच्या गळ्यात पडला. सत्कार झाला म्हणून लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तोवर गणपतरावांना दिसलं, की फेट्याचं टोक धुमसतंय आणि ते त्यांच्या हातातल्या बाँबच्या वातीवर लोंबतंय. त्या माणसानं एवढी वर्षं जपलेला बाँब स्वतःच्या हातानं शिवेलगतच्या पाटाच्या पाण्यात फेकला आणि मागोमाग ते स्वतःही उतरले. फेट्याचं टोक पाण्यात चर्र झालं. गावानं सोनं लुटलं.

मामांनी पाटातनं फेटा काढला, पिळला, जळकं टोक आत दाबून तसाच ओला डोक्याला बांधला. मग एक डोळा मिटून नळीत बघितलं. वर्षाचा सगळा मळ फेट्याबरोबर गेला होता, नळी आरशासारखी लख्ख.

"साफ केलासा खरं," ते म्हणाले. त्यानंतर ते जे हसायला लागले ते घरी पोचेपर्यंत.

आता मामा नाहीत. परवान्याबरोबर बंदूकही जमा झाली. शिवेवर गणपतरावच सुतळी बाँब लावतात, आणि दर वर्षी कान चोळत माझ्यापाशी येऊन म्हणतात, "तसा बार व्हईना, पावणं." फेटा मात्र आहे. दसऱ्याला मामी तो देवापुढं लाकडी पाटावर मांडतात, जळकं टोक पुढं करून, आणि हळदकुंकू तिथंच वाहतात.

आम्ही दोघं दरवर्षी जातो. एसटीतून उतरून मी दारात दिसलो की मामी आधी पाणी विचारत नाहीत, ख्यालीखुशाली विचारत नाहीत. आधी दोरीवरचे सगळे कपडे आत घेतात.