बिनवायरचा फोन आणि लावलेलं दार

वाशीच्या मार्केटात माझी कांद्याची आडत. भाव आम्ही तोंडानं सांगत नसू. घेणाऱ्याचा हात हातात, वर टॉवेल आणि आत बोटं दाबायची. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. शाळा मी चौथीतच सोडली, पण माझ्या पोटातलं कुणाला काढता आलं नाही. त्याचा मला ताठा होता. आजही आहे. म्हणून तर पुढचं घशाखाली उतरत नाही.

थोरल्या जावयानं आखातातून बिनवायरचा फोन आणला. नेरूळच्या घरात जुना फोन हॉलमध्ये, आल्यागेल्यासमोर. तो काढून हा लावला. हा हातात घेऊन मला आतल्या खोलीत जाता येई, दार लावता येई. वर टॉवेल टाकल्यासारखंच झालं की! साताऱ्याकडं गावी असलेल्या भावाशी मी तसाच बोलायचो, हळू आवाजात.

एकदा त्यात मधेच एक परकी बाई बोलू लागली. नवऱ्याच्या दारूचं आईला सांगत होती.

बायको म्हणाली, "अहो, आपल्याला तिचं ऐकू येतंय, मग तिला आपलं येत नसंल?"

"गप बस. टेलिफोनवाल्यांची भानगड हाय ती."

मग गावची जत्रा आली. धाकटीची कॉलेजची परीक्षा, ती घरी थांबणार होती. मी दार लावून भावाला कळवलं, "आम्ही दोघंच येतोय. पोरगी एकटी हाय. शेजारच्या काकूंनापन सांगितलं न्हाई, उगाच बोभाटा नको."

गावी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भावाकडे तिचा फोन.

"आबा, तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"काय?"

"एक माणूस सकाळपासून सारखा फोन करतोय. म्हणतो, आईबाबा जत्रेला पोचले का? एकटीच ना तू? शेजारच्या काकूंना पण सांगितलं नाही ना?"

भावाला मी सांगितलं होतं तेच सगळं. ती परकी बाई आठवली. तिचं आम्ही ऐकलं, तसं आमचं कुणीतरी ऐकत होतं.

"कुठल्या फोनवरनं बोलतीयास?"

"तुमच्याच की. आबा, मला खूप टेन्शन आलंय. काय करू?"

मला सांगायचं होतं, कडी घाल. सांगायचं होतं, आत्त्याकडं निघून जा, मी माणसं धाडतो. पण जे सांगीन ते तोही ऐकणार. आत्त्याकडं म्हटलं तर जिन्यात उभा राहील. माणसं म्हटलं तर त्यांच्या आधी येईल. ती "आबा, आबा" करत होती आणि मी मुका. तसाच फोन खाली ठेवला.

भावाचा फोन वायरचा, त्यावरनं लगेच मार्केटात गाळ्यावर लावला. आमच्या हमालांचा मुकादम साताऱ्याकडचाच, पोरगी त्याला काका म्हणायची. त्याला सांगितलं, "असशील तसा माझ्या घरी जा."

ते दोघं-तिघं पोचले तेव्हा तिनं दाराला कपाट लावलं होतं. मुकादमाचा आवाज ओळखूनही तिनं त्याला त्याच्या बायकोचं नाव विचारलं, मगच उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं.

परत आल्यावर मी तो फोन काढून जुना लावला. पोलिसात गेलो नाही. पोरीचं नाव चारचौघांत कशाला? बायकोनं चार दिवस अबोला धरला. धरू दे.

पण मी गप्प बसलो नाही. असला फोन जवळपासच पोचतो, म्हणजे ऐकणारा बिल्डिंगीतलाच. पाण्याच्या टाकीचं निमित्त काढून बिल्डिंगीतल्या एकेका पुरुषाला चहाला बोलावलं. पोरगी स्वयंपाकघराच्या पडद्यामागं उभी राहून ऐकायची. पाहुणा गेला की मान हलवायची, हा नव्हे.

एक जण मात्र उठून गेला तरी ती बाहेर येईना. मी आत गेलो. ओट्याला टेकून उभी होती.

"हाच का?"

"खात्री नाही, आबा. फोनवर आवाज वेगळा येतो."

खात्रीवाचून कुणाची गचांडी धरणार? तो आमच्याच मजल्यावरचा. दिवाळीला त्याच्या बायकोनं फराळ धाडला. ताट मीच घेतलं. पोरगी तोवर पुण्याला मामाकडं राहायला गेली होती.