चार बोटं कमी

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. नव्या कचेऱ्यांच्या पाट्या चकचकीत, विहिरींचे तळ उघडे. त्या उन्हाळ्यात औसा रोडवरच्या रेवणप्पाच्या वर्कशॉपात एक जुना ट्रक टँकर व्हायला आला. अरुंद गाडीवाटांवर वळावा म्हणून गॅरेजवाल्यांनी त्याची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आखूड केली होती. मग गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना फिरवणारा लांब पोकळ दांडा, प्रोपेलर, तोही आखूड करणं आलं. ते काम लिंबाजीचं. अठरा वर्षं तो लेथवर होता.

पहिली खेप लिंबाजीच्याच वाडीला जायची होती. तिथल्या बौद्धवाड्यात त्याची म्हातारी आई भामाबाई एकटी राहायची. वाड्याचा आड दीड महिन्यापासून कोरडा पडला होता.

माप गॅरेजवाल्यांकडून चिठ्ठीवर आलं. ट्रक जॅकवर, चाकं लोंबकळत असताना घेतलेलं. लिंबाजी म्हणाला, वजन पडलं की मागची चाकं सरकतात, माप बदलतं; गाडी जमिनीवर उभी करा, टाकीत वजन घाला, मी स्वतः मोजतो. रेवणप्पानं ऐकलं नाही. गाडी सकाळी निघायची होती. आईची कोरडी घागर लिंबाजीच्या डोळ्यांपुढं आली आणि त्यानं दांडा कापला.

बसवताना चूक कळली. दांड्याचे दोन भाग जिथं एकमेकांत सरकतात, तिथं सहा बोटं पकड हवी होती. दोनच बोटं धरत होती. त्यानं रेवणप्पाला दाखवलं.

"चलतंय रे," रेवणप्पा म्हणाला. "हळू चालवा म्हणावं."

लिंबाजीच्या हातात पाना होता. दांडा परत उतरवता आला असता. त्यानं पाना खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाडीच्या अलीकडं, ओढ्याच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि दांडा निसटला. गरगरत्या तुकड्यानं टाकीचा नळ तोडला. सगळं पाणी वाळूत गेलं. वाडी दुपारपर्यंत वाट बघत राहिली. शेवटी भामाबाई आडात उतरली, तळाचा गढूळ ओलावा वाटीनं खरवडायला. पाय सटकला. कंबरेचं हाड मोडलं.

लिंबाजीची बायको पंचशीला वाडीला धावली आणि सासूला लातूरच्या दवाखान्यात घेऊन आली. लिंबाजीनं खाटेपाशी बसून आईला सगळं सांगितलं, पाना खाली ठेवला तेही.

"मग हितं काहून बसून राहिलास?" ती म्हणाली. "वाडी अजून तशीच हाय न्हवं?"

तो उठला. बाजारात दांड्याच्या जाडीचा पाइप मिळेना. भंगारवाले पालथे घालत तो देगलूरपर्यंत गेला, एका मोडक्या ट्रकखाली त्याला हवा तसा तुकडा सापडला. वर्कशॉपात ओढून आणलेल्या गाडीचा नळ बदलून त्यानं टाकी निम्मी भरली आणि गाडीखाली आडवं होऊन माप घेतलं. दांडा मधून कापला, पाइप जोडला, दांडा धडधडू नये म्हणून दोन्ही टोकांच्या सांध्यांचे कान एका रेषेत आणले. वेल्डिंग दोनदा घासून पुन्हा केलं. रेवणप्पा दारात उभा होता.

सहाव्या दिवशी टँकर वाडीत पोचला. पंचशीलानं वाडीहून येऊन ते सांगितल्यावर भामाबाईनं एवढंच विचारलं, आपल्या वाड्यापर्यंत आला का? आला होता. लिंबाजी खाटेच्या पायथ्याशी बसून होता. डॉक्टरांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं, ती आता चालणार नाही. आईला ते कसं सांगावं, हे त्याला उमजत नव्हतं.