परत येणारा नवस

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारियामातेच्या देवळापुढचं पटांगण लग्न उरकलेल्या मांडवासारखं दिसतं. फरशीवर मेण थिजलेलं, कागदी पेले, पावाचा चुरा, कुणाचा तरी एकच बूट. आणि कुत्री.

माणसं नवस फेडायला रात्रभर चालत येतात आणि जाताना बसनं जातात. कुत्र्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. घरची माणसं निघाली, नाहीतर गल्लीतली चार टाळकी निघाली, की ती मागोमाग चालू लागतात. सण संपला की माणसं बसमध्ये चढतात आणि कुत्री खालीच राहतात.

इस्मेनिया तेव्हा द्राक्षांच्या शेडमध्ये पेट्या भरायच्या कामाला होती. एका वर्षी सणाहून परतताना तिला बसच्या खिडकीतून ती मागं राहिलेली कुत्री दिसली. थांबेल त्या बसच्या दाराशी जायची, पायरी हुंगायची, आणि ही नव्हे म्हणून पुढच्या बसकडे पळायची. जिभा हातभर बाहेर आलेल्या. इस्मेनिया पुढच्याच थांब्यावर उतरली. बसमधले लोक हसले. तिच्या नवऱ्याला, तो तेव्हा होता, इतकी लाज वाटली की तो खिडकीच्या बाहेरच बघत राहिला.

तेव्हापासून दरवर्षी ती कुत्र्यांना घेऊन पायी परत येते. मोठ्या रस्त्यानं नाही, दरीतल्या जुन्या रस्त्यानं. कुत्र्याला पत्ता विचारता येत नाही, पण वाटेवर आणून सोडलं की त्याला त्याचं वळण कळतं. चालता चालता एखादं थबकतं, कान उभे करतं, आणि मागं न बघता गल्लीत शिरतं. झालं. इस्मेनिया दार वाजवत नाही. सुरुवातीला वाजवायची. एकदा एका बाईनं तिच्या तोंडावर सांगितलं, हे आमचं नव्हेच. कुत्रं त्या बाईच्याच पायाशी शेपूट हलवत होतं. त्यानंतर इस्मेनिया कोपऱ्यापर्यंतच जाते.

या वर्षी निघतानाच तिचे पाय जड होते. गुडघे तर शेडमध्ये उभं राहूनच गेले होते. आता टाचांतही कळा यायच्या. देवळात गुडघे टेकता आले नाहीत म्हणून तिनं उभ्यानंच माउलीला सांगून टाकलं, की यंदा शेवटचं. मुलगी फोनवर कधीपासून हेच म्हणत होती, पण मुलीला सांगणं वेगळं आणि माउलीला सांगणं वेगळं.

ऊन चढायच्या सुमाराला ती नोल्फाच्या टपरीवर टेकली. नोल्फा सुकवलेल्या पीचच्या गोड पाण्यात शिजवलेले गहू घालून विकते. फळीवर तिनं दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा ठेवलाय. ‘वाटेवरच्या कुत्र्यांसाठी’ म्हणून जाणारे-येणारे त्यात चिल्लर टाकतात, आणि इस्मेनियाच्या पिशवीतलं कोरडं खाद्य त्यातूनच येतं.

“आली का वरात?” नोल्फानं पेला पुढे केला. “यंदा बारकीच दिसतेय.”

“कसायाच्या दारात एक गेलं. शाळेपाशी दोन गेली.”

“आणि ही बया आहेच का?” नोल्फानं पळीनं एका फिकट पिवळ्या कुत्रीकडे दाखवलं. तिचा एक कान मोडलेला होता आणि तोंडाभोवतीचे केस आता पांढरे झाले होते.

“ती चुकवते होय? दरवर्षी दर्शनाला हजर.” इस्मेनियानं तिचं नाव बेआता ठेवलं होतं, म्हणजे देवळात पडीक असणारी बाई. “माझ्याहून तिचाच भाव जास्त आहे.”

“स्वर्गात तुझ्या आधी जाईल बघ. तू मात्र चालत पोचशील.” नोल्फानं तिच्या पायांकडे पाहिलं. “हत्तीचे झालेत ग.”

“यंदा शेवटचं.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालीस.”

“गेल्या वर्षी तुला म्हणाले होते. यंदा माउलीला सांगितलंय.”

 नोल्फानं पेल्यात आणखी एक पीच टाकलं.

दुपारी डांबर तापलं. रस्त्याकडेची निलगिरीची झाडं इतकी उंच, की सावली कुठल्या कुठे पडायची. बेआता मागं पडू लागली. इस्मेनिया थांबायची, ती यायची, पुन्हा मागं पडायची. बरोबर आता आणखी दोन होती, एक काळं आणि एक बुटकं. तीही जीव मेटाकुटीला आल्यासारखी चालत होती.

बेआताचा कोपरा आला. एरवी ती इथून काटेरी झुडपांमधल्या पायवाटेनं धावत सुटायची आणि वरच्या हिरव्या फाटकातून आत शिरायची. आज ती रस्त्यातच आडवी झाली. इस्मेनियानं तिचा पाय उचलून पाहिला. तळव्याची कातडी सुटून आली होती.

“ऊठ ग बाई. आलं घर.”

बेआता उठली नाही. मागून गाडी आली असती तर? इस्मेनियानं तिला दोन्ही हातांत उचललं. दिसायला काडी, उचलायला पोतं. चढण फार नव्हती, पण मध्ये दोनदा तिला कुंपणाला टेकून उभं राहावं लागलं.

फाटकाच्या आत एक म्हातारा बाकावर बसला होता. विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली आणि पाय मिठाच्या पाण्यात. पाय पाहूनच कळत होतं, की हाही चालत जाऊन आलाय.

“कुत्री तुमची का हो?” इस्मेनियानं विचारलं.

म्हाताऱ्यानं कुत्रीकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

“माझी नाही,” तो म्हणाला.

 इस्मेनियानं बेआताला खाली ठेवलं. ती फरफटत गेली आणि म्हाताऱ्याच्या मांडीला तोंड घासू लागली. त्याचा हात आपोआप तिच्या मोडक्या कानावर गेला.

“माझी नाही, सेन्योरा. माउलीची आहे. कालच तिला देऊन आलो. दरवर्षी देतो, आणि दरवर्षी ती परत पाठवते.” त्यानं बाकावरची जागा हातानं झाडली. “बसा. पडाल.”

ती बसली. काळं आणि बुटकं पाण्याच्या डोणीवर तुटून पडली. म्हाताऱ्याचं नाव ओनोफ्रे, मानानं हाक मारणारे डॉन ओनोफ्रे म्हणत. बायको गेलेली, घर भाड्याचं. धाकट्या नातीची छाती भरली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा तो नवस बोलला होता. पोर वाचव, माझं सगळ्यात लाडकं असेल ते तुला देईन.

“आता माझ्याजवळ लाडकं काय होतं? ही. तेव्हा पिल्लू होती. ग्रिंगा म्हणतो मी हिला, म्हणजे गोरी परदेशी बाई, रंगामुळे.” तो कुत्रीशीच बोलत असल्यासारखा बोलत होता. “पोर वाचली. मोठी झाली, शहरात पावाच्या भट्टीवर काम करते. मी हिला देवळात नेऊन सोडली आणि दोन दिवसांत ही दारात. म्हटलं, चुकलं असेल काहीतरी. पाद्रींना विचारलं. ते म्हणाले, डॉन ओनोफ्रे, मेणबत्ती लावा नि घरी जा. पण मी मेणबत्तीचा नवस नव्हता बोललो.”

“मग दरवर्षी?”

“दरवर्षी. ती घेतच नाही. म्हणजे नवस फिटलेला नाही. उद्या माउली म्हणाली, तू दिलं नाहीस, मीही माझं परत घेते, तर?” त्यानं पाण्यातले पाय हलवले. “पोर हिवाळ्यात खोकली की मला झोप लागत नाही. आणि पायांनी आता चालवत नाही.”

 इस्मेनियाच्या गप्प बसण्यात कुणाचंच नुकसान नव्हतं. पण गप्प बसलं, तर हा म्हातारा पुढच्या वर्षीही याच पायांनी निघाला असता.

“डॉन ओनोफ्रे, माउली नाही. मी आणते हिला.”

“काय?”

“मी. सणानंतर कुत्री राहतात ना तिथं, त्यांना चालवत आणते. ही खालच्या कोपऱ्यावर वळते, मी पुढे जाते. मला वाटायचं, हिला देवदर्शनाची आवड आहे.”

ओनोफ्रेला समजायला वेळ लागला. समजलं तशी त्याची मान लाल झाली.

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“दरवर्षी माझा नवस मोडत होतात तुम्ही.”

“आणि तुम्ही दरवर्षी माझ्या गुडघ्यांवर एक कुत्रं वाढवत होता.”

दोघंही आपापल्या पायांकडे बघत बसली. बुटकं कुत्रं बाकाखाली येऊन झोपलं.

“पुढच्या वर्षी आणू नका,” ओनोफ्रे शेवटी म्हणाला. “हात जोडतो.”

“पुढच्या वर्षी मी नाहीच. संपलं माझं.”

“मग दुसरं कोण आणतं?”

“कुणी नाही. तुम्ही सोडलीत, की ती तिथेच राहणार. नाहीतर बसमागून पळणार.”

त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्याजागी काहीच आलं नाही. कुत्रीच्या कानावरचा हात मात्र थांबला.

“पहिल्या वर्षी सोडलीत तेव्हा कसं वाटलं?” इस्मेनियानं विचारलं. टोचायचं म्हणून नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“रडलो. बसमध्ये, लोकांदेखत. घरी येऊन हिचं भांडं पुरून टाकलं.”

“आणि काल?”

 ओनोफ्रेनं स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. “काल येताना कसायाकडून हाडं आणली. शिजवून ठेवलीत. म्हटलं, आज-उद्या येईल.”

आतून खरंच रश्शाचा वास येत होता. काळ्या कुत्र्याला तो आधीच लागला होता.

“म्हणजे दिलं ते पहिल्याच वर्षी,” ओनोफ्रे म्हणाला. “पुढचं सगळं नुसतं जाऊन येणं.”

“पहिल्या वर्षीचं माउलीनं धरलं असेल.”

“आणि नसेल धरलं तर?”

 इस्मेनियानं त्याच्या थकलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. “ते मला ठाऊक नाही. मी पेट्या भरणारी बाई. पण आता खरं द्यायची वेळ आलीय, तर देणार का ते सांगा.”

ग्रिंगानं तळवा चाटायला घेतला होता. ओनोफ्रेनं तिचा पाय हळूच उचलून मिठाच्या पाण्याशेजारच्या ओल्या फडक्यावर ठेवला.

“नाही,” तो म्हणाला. “नाही जमायचं.”

“मग तसं सांगा माउलीला. मला सांगून काय उपयोग?”

त्यानं ओल्याच हातानं कपाळावर आणि छातीवर क्रूसाची खूण केली. ओठ हलले, पण तो काय बोलला ते इस्मेनियानं ऐकायचा प्रयत्न केला नाही. बोलून झाल्यावर तो तसाच अनवाणी आत गेला, फरशीवर ओली पावलं उमटवत, आणि हाडांचं भांडं घेऊन आला. सगळ्यात मोठं हाड ग्रिंगाला दिलं आणि बाकीची इतर दोघांना. इस्मेनियाला पाव दिला, चहा दिला. 

ती उठू लागली, पण पहिल्यांदा उठता आलं नाही.

“बसा की अजून.”

“बसले तर राहीन इथंच. या दोघांची घरं अजून पुढे आहेत.”

त्यानं तिला हात दिला. त्याला स्वतःलाच तोल नव्हता, त्यामुळे दोघं एकमेकांना धरून कशीबशी उभी राहिली. फाटकापर्यंत ग्रिंगा लंगडत आली आणि तिथे ओनोफ्रेनं तिला पायानं अडवलं.

रस्ता अजून तापलेला होता. काळं पुढे, बुटकं मागे. पहिल्या वळणावर इस्मेनिया त्या पोरीसाठी ‘नमो मारिये’ म्हणू लागली, आणि अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं, की पोरीचं नाव आपण विचारलंच नाही. परत जाऊन विचारण्याएवढी ताकद पायांत नव्हती. ‘ओनोफ्रेची नात’ एवढंच म्हणून तिनं प्रार्थना पुरी केली, आणि काळं कुठं वळतंय का ते बघत चालत राहिली.