खाणीत गेलेला चेंडू

अजून कुणी शीळ घातली की माझे पाय जागच्या जागी थांबतात. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टर काय करणार, कपाळ!

सुर्ला गावाच्या वरच्या अंगाला आमचं फुटबॉलचं मैदान. एका बाजूला कडा, कड्याखाली बंद पडलेली खाण, पाण्यानं भरलेली. मैदानावरून ते पाणी दिसत नाही. क्लब आमचा फाटका. बूट उसने, चेंडू एकच. समुद्राकडचे क्लब यायचे ते स्वतःची बस, पगारी कोच आणि पिशवीभर नवे चेंडू घेऊन. काय ती ऐट! पण नियम आमचा होता: गावात गावच्याच चेंडूनं खेळायचं. पंचही गावचेच, घड्याळ थांबवायचे नाहीत.

एवढ्यावर आम्ही भल्याभल्यांना हरवलं. एक गोल चढवायचा आणि मग चेंडू खाणीत घालवायचा. तो आणायला आमचा बॅक उतरायचा. सावंतवाडीकडचा, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, माझा जिवाभावाचा दोस्त. माशासारखा पोहायचा. मुद्दाम रेंगाळायचा, आणि चेंडू घेऊन वर चढायला लागला की शीळ घालायचा. तोवर पाहुण्यांचा नुसता जळफळाट.

त्या फायनलला आम्ही एका गोलनं पुढे होतो. शेवटची दहाएक मिनिटं उरली असतील. मीच कप्तान, मीच लाथ मारली, चेंडू कड्यापलीकडे. तो उतरायला निघाला तसा मी त्याच्या कानाशी म्हटलं, "आज घाई करू नको मेल्या. जास्त वेळ लाव."

तो हसला. "तू सांगशीत तेवढो वेळ रवतंय, कप्तान."

पाच मिनिटं झाली. शीळ नाही. आमची पोरं खुशीत. "आज तर कमालच करतोय!" कुणीतरी म्हणालं, आणि मीही हसलो. हो, हसलो. पाहुण्यांचा कोच पंचांवर ओरडत होता, ते बघून मला आणखीच गंमत वाटली.

त्यांचा गोली मात्र कड्याशी जाऊन खाली बघत उभा होता. त्याला आमची युक्ती कुठे ठाऊक? तो एकदम किंचाळला, "अरे, माणूस दिसत नाही!" आणि हातमोज्यांसकट खाली धावला. त्यांचे आणखी तिघे त्याच्या मागे. आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो.

त्या परक्या पोरांनीच त्याला बाहेर काढलं. पाय गाळात रुतला होता. गोली त्याची छाती दाबत राहिला, दाबतच राहिला. शेवटी मीच गोलीचे हात धरून थांबवले.

मग माझी नजर काठावर गेली. आमचा चेंडू तिथे दगडाला टेकवून नीट ठेवलेला होता. त्याच्यावरचं पाणीसुद्धा सुकलं होतं. चेंडू त्यानं केव्हाच काढला होता. परत पाण्यात उतरला तो नुसता वेळ काढायला, मी सांगितलं म्हणून.