पायाखालची वाळू

गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका वाचनालयात कवितावाचन होतं. तिवशाकडून आलेली पन्नाशीची एक बाई समुद्रावरच्या कविता म्हणत होती. 'लाट मागे फिरते, तेव्हा पायाखालची वाळूही घेऊन जाते' ही ओळ आली आणि मला संशय आला. पाण्यात उभं राहिल्याशिवाय हे सुचायचं नाही. बाईंनी ओळ कुठून तरी उचलली असणार. त्या मान वर करत नव्हत्या, पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होत्या. तेही मला चोरटंच वाटलं.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "ताई, समुद्र पाहिलाय का तुम्ही?"

"नाई पाह्यला."

"मग ती वाळूची ओळ कुठली?"

"माह्या पोराची. जहाजावर नोकरीले होता. पहिल्यांदा समुद्रात उभा राह्यला, तवा फोन केला त्यानं. म्हणे, आई, पायाखालची रेती सरकून राह्यली, भेव लागते."

"होता म्हणजे?"

"जहाजावरून पडला म्हणतात. सापडलाच नाई."

तरी मनात आलंच, बाई गोष्ट रचून तर सांगत नाहीत? तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "भाऊ, तुमी तं पाह्यला असन समुद्र. नेलेलं तो वापस आणून टाकते म्हणतात. खरं हाय का?"

"कधी कधी," मी म्हणालो.

"किती वर्सांनं?" त्यांनी विचारलं, आणि मी खोटं तर बोलत नाही ना, हे माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिल्या.