ब्लेडने काढलेले वाक्य

साताऱ्याच्या त्या दैनिकात नाथाजींचा संशयीपणा कुणी दोष मानत नसे. पगार त्यांना त्याचाच मिळे. उमेदीची वर्षे लष्कराच्या सिग्नल विभागात काढून ते खंडाळ्याजवळच्या आपल्या गावी परतले, आणि पुढे या पत्रात मुद्रितशोधक म्हणून लागले. बिनतारी यंत्रावरून आलेला निरोप शत्रूचाही असू शकतो, ही तेव्हाची सवय त्यांनी बातमीदारांच्या मजकुराला लावली. ‘समजते’, ‘बोलले जाते’, ‘जाणकारांचे म्हणणे आहे’ अशा शब्दांपाशी त्यांचा लाल पेन अडे. कुणाला समजते? जाणकार कोण, आणि तो काय जाणतो? समाधान झाले नाही की वाक्य जाई.

पुष्कळदा ते अगदी शेवटच्या घटकेला जाई. पान संगणकावर जुळवून झालेले असे, त्याची प्रत काचेच्या टेबलावर चिकटवली जात असे, आणि छपाईवाले खालून हाका मारू लागलेले असत. अशा वेळी पुन्हा संगणकाकडे जायला सवड कुठली? नाथाजी ब्लेड घेत, नको असलेल्या ओळी कापून काढत, आणि त्या जागी हवामानाची किंवा बाजारभावाची चिंधी डकवत. सकाळी वाचकाच्या हाती स्वच्छ पान पडे. आपल्या ब्लेडपुढे चूक टिकत नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

१९९९ साली या पत्राने संकेतस्थळ सुरू केले. मुख्य कार्यालय सांगलीला. मालक-संपादक हंबीरराव तिथेच बसत. साताऱ्याची पाने टेलिफोनच्या तारेवरून सांगलीला जात, आणि तिथे श्रद्धा नावाची तरुण उपसंपादक त्यांतल्या बातम्या दुपारपर्यंत संकेतस्थळावर चढवी. नाथाजींनी ते कधी उघडून पाहिले नव्हते. ज्याला शेवटचे पान नाही, ते तपासून संपायचे कधी, असे ते म्हणत.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी साताऱ्याच्या कार्यालयात एक बाई आल्या. वाईच्या पद्माताई, पाचगणीच्या एका निवासी शाळेत मुलांच्या वसतिगृहाच्या मेट्रन. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून नाथाजींपुढे ठेवला.

“हे तुमचंच ना?”

मस्कतहून एका पालकाने शाळेला पाठवलेली ती संकेतस्थळाची छापील प्रत होती. शाळेतल्या काही मुलांना जेवणानंतर उलट्या झाल्याची बातमी. शेवटी एक वाक्य होते : मेट्रनने शिळे अन्न वाढायला लावल्याचे समजते.

नाथाजी दचकले. हे वाक्य त्यांनी स्वतः कापले होते. पाचगणीच्या बातमीदाराला फोन करून त्यांनी विचारले, तेव्हा तो चहाच्या गाडीवर ऐकल्याचे बोलला होता.

“ताई, आमच्या पेपरात हे न्हाई. अंक दाखवतो.”

“अंक मी पाहिलाय. म्हणून तर आले. इथल्यांसाठी एक पेपर आणि परदेशातल्यांसाठी दुसरा, असं छापता का हो तुम्ही?”

उलट्या कशामुळे झाल्या, याचा अहवाल अजून यायचा होता. पण शाळेने त्यांना तोवर कामावर येऊ नका म्हणून सांगितले होते. नोकरी जायची वेळ आली होती, आणि तिच्याबरोबर शाळेच्या आवारातली राहती खोलीही.

नाथाजींच्या मनात संशय उभा राहिला, तो थेट सांगलीच्या दिशेने. वाक्य साताऱ्यात मेले होते. सांगलीत ते जिवंत झाले. मग त्याला जिवंत कुणी केले, आणि कुणाच्या सांगण्यावरून? हंबीररावांचे पाचगणीतल्या दुसऱ्या एका शाळेशी घरोब्याचे संबंध होते, हेही त्यांना त्याच क्षणी आठवले. संशयाचे हेच लक्षण आहे. तो पुरावा शोधायला जात नाही. पुरावेच त्याच्याकडे चालत येऊ लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते आणि पद्माताई सांगलीला निघाले. कऱ्हाडच्या स्थानकावर चहा घेताना पद्माताईंनी विचारले, “तुम्ही माझ्या बाजूने येताय, की मला गप्प करायला?”

“ते मलाच अजून ठरवायचं हाय,” नाथाजी म्हणाले. बाईंना ते उत्तर आवडले नसावे. पण खोटे वाटले नाही.

सांगलीत श्रद्धाने त्यांना संगणकाजवळ बसवले. नाथाजींनी विचारपूस न करता सुरुवात केली. “पोरी, हे वाक्य कुणी घातलं?”

“तुम्ही, नाथाजीकाका.”

“मी? मी ते कापलंय!”

“कशानं?”

“ब्लेडनं. कशानं कापतात?”

श्रद्धा हसली, आणि मग बाईंकडे पाहून तिने हसू आवरले. “काका, तुमचं ब्लेड टेलिफोनच्या तारेतून येत नाही. तुम्ही कापता तो कागद. माझ्याकडे येतं ते संगणकातलं पान. त्यातून तुम्ही काहीच काढलेलं नसतं.”

तिने आदल्या महिन्याची पाने एकामागून एक उघडून दाखवली. पाण्याच्या टँकरची बातमी, एका सरपंचावरचा ऐकीव आरोप, एक लग्न मोडल्याची कुजबुज : नाथाजींनी छापील पानावरून हद्दपार केलेले सगळे तिथे सुखाने नांदत होते. मस्कत, दुबई, अमेरिका, जिथे कुठे या भागातली माणसे होती, तिथे ते वाचले जात होते.

“मग तू वाचत न्हाईस व्हय चढवताना?”

“वाचते. पण खाली तुमचं नाव असतं, ‘तपासले’ म्हणून. तुमच्यावर संशय घ्यायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

वीस माणसांच्या कार्यालयात सगळ्यांवर संशय घेणाऱ्याने एका माणसाला वगळले होते, आणि तो माणूस रोज त्यांच्याच खुर्चीत बसत होता.

“पण आता हे वाक्य इथे दिसत नाही,” पद्माताई पडद्याकडे वाकून म्हणाल्या.

“मस्कतच्या पालकांचा निरोप इथंही आला, त्याच दिवशी साहेबांनी काढायला लावलं.”

“तिथंच तर घात झाला. शाळेच्या कमिटीतले म्हणतात, बाईंनी पैसे चारून काढून घेतलं असणार. खोटं होतं, तर गुपचूप का पुसलं?”

इथे खरा फरक उघडा पडत होता. छापलेली चूक जागची हलत नाही. म्हणूनच दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर दिलगिरी उभी करावी लागते, आणि दोन्ही अंक वाचनालयात शेजारी शेजारी राहतात. पडद्यावरची चूक पुसता येते, आणि पुसणाऱ्याला वाटते की ती झालीच नव्हती. पण जिने ती सोसली तिच्या अंगावरून ती पुसली जात नाही. शिवाय आता ती सिद्धही करता येत नाही.

तेवढ्यात हंबीरराव बाहेर आले. सगळे ऐकून त्यांनी ताबडतोब तोडगा काढला. “उद्याच्या अंकात चौकट टाकू की! दिलगिरी. ठळक अक्षरात. झालं समाधान, ताई?”

“मुळीच नको!” पद्माताई जवळजवळ ओरडल्या. “वाईत तुमचा अंक घरोघर जातो. माझ्या माणसांना यातलं काही माहीत नाही. तुमची दिलगिरी वाचूनच त्यांना कळायचं, की माझ्यावर असा आळ होता.”

“मग करायचं काय आमी?”

“जिथं लिहिलंत तिथंच लिहा.”

“आवं, तिथं दिलगिरीची पद्धत न्हाई. ती पाटी हाय. पुसलं की संपलं. न्हाई त्या मजकुराची माफी मागायची म्हणजे लोक म्हणतील, आणखी काय काय पुसलंय यांनी?”

“म्हणू देत,” नाथाजी म्हणाले. “खरंच हाय ते.”

हंबीररावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. “नाथाजी, गड्या, तू पगार कुणाचा घेतोस?”

“तुमचाच. म्हणून माझं नाव घाला. चूक माझी, पेपराची न्हाई.”

मालकांनी जरा विचार केला. त्या विचारात न्याय किती आणि सोय किती, हे त्यांनाही सांगता आले नसते. ते “बघा तुमचं तुमी” म्हणून आत गेले.

वाक्य जुळवायला श्रद्धा आणि नाथाजींना पुष्कळ वेळ लागला. छापील दिलगिरीत आरोपाचा उच्चार टाळायचा, हा नाथाजींचा जन्माचा नियम. इथे तो चालेना. काय पुसले ते सांगितल्याशिवाय पुसल्याचा अर्थच लागत नव्हता, आणि सांगावे तर आळ पुन्हा उच्चारला जात होता. शेवटी पद्माताईंनीच त्यांच्या हातातला कागद घेतला. “लिहा. माझ्यावर काय म्हटलं होतं ते स्पष्ट लिहा. अर्धवट लिहिलंत, तर उरलेलं लोक आपल्या मनानं भरतील.”

बातमीच्या खाली ओळी चढल्या : या बातमीत मेट्रनने शिळे अन्न वाढायला लावल्याचे वाक्य होते. त्याला कोणताही आधार नव्हता. ते छापील अंकातून काढले होते. सातारा कार्यालयातील मुद्रितशोधक नाथाजी यांच्या चुकीने येथे राहिले. मेट्रनने ते काढण्यास सांगितलेले नव्हते.

पद्माताईंनी ते पडद्यावर वाचले. “हेही उद्या पुसता येईल ना?”

“येईल,” श्रद्धा म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही.

“मग माझ्यासमोर शाळेला फोन लावा. मुख्याध्यापकांना म्हणावं, आत्ता उघडा, आत्ता वाचा.”

फोन लागला. पलीकडे पान उघडायला बराच वेळ गेला, आणि तो सगळा वेळ पद्माताई रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या. पुढे अहवाल आला, त्यात दोष टाकीतल्या पाण्याचा निघाला. कमिटीने त्यांना कामावर घेतले. आमचे चुकले असे मात्र कुणी म्हटले नाही.

पद्माताईंनीही कुणावर विश्वास टाकला नाही. दर सोमवारी सकाळी त्या सांगलीला फोन करत. “आहे का?” श्रद्धा पान उघडून पाही आणि म्हणे, “आहे.” एकदा ती रजेवर होती. फोन घेणारा नवखा होता, तो म्हणाला, “कसल्या ओळी, बाई? इथे तर काही दिसत नाही.” पद्माताईंनी रिसीव्हर ठेवला, मुलांची न्याहारी आटोपून दिली, रजा मागितली आणि मिळेल ती एसटी धरली. संध्याकाळी त्या सांगलीच्या कार्यालयात हजर झाल्या. त्या नवख्याला बाजूला सरकवून, पान कुठवर खाली सरकवायचे ते त्यांनीच त्याला दाखवले. ओळी जागेवर होत्या. बाईंनी त्या शेवटपर्यंत वाचल्या, नाथाजींचे नाव वाचताना किंचित थांबल्या, आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारले.