एकाच मापाचा ठोका

२००५ साल. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. आदल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, आता वाजवणं सोडा. डॉक्टरांना सांगायला काय जातं! शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पण आमच्या बँजो पार्टीत ड्रमवर माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं.

पार्टी मुलगा सांभाळायचा. लग्नसराईच्या तोंडावर त्याने ड्रमच्या कातड्यांना रुपयाएवढ्या चकत्या चिकटवल्या आणि त्यांच्या वायरी एका मशीनला जोडल्या. काठी पडली की चकतीला हादरा बसतो आणि मशीन स्पीकरातून ड्रमचा आवाज काढतं. ट्रिगर म्हणतात त्याला.

"माझ्या ड्रमला वायरी? मी काय मेलोय?" मी भडकलो.

"आबा, स्पीकरपुढं नुसता ड्रम ऐकू जात नाय. सगळेच लावतात आता."

सुरुवातीला नुसता घोटाळा. एक काठी मारली की दोन आवाज. मोठ्याला मारलं तर शेजारचा छोटाही बोलायचा. इंदिरानगरच्या घरी अंगणात मुलगा मशीन मांडीवर घेऊन बसायचा. "आबा, हळू मारा. आता जोरात. आता डावा. परत डावा." डाव्यापाशी तो लय वेळ अडला. मला वाटलं, मशीनच बोंबलतंय.

मग सीझन असा गेला की विचारू नका. ठोका एकसारखा, खणखणीत. कीबोर्डवाला म्हणायचा, "आबा, तुमच्यापुढं पोरं झक मारतील!" घरी आलो की मी बायकोला म्हणायचो, सांग तुझ्या डॉक्टरला. ती हसायची आणि डाव्या हाताला तेल चोळायची.

मग चांदवडची वरात आली. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न. वेशीजवळ जनरेटर बंद पडला. कीबोर्ड गेला, स्पीकर गेले, नाचणारी पोरं थांबली. मी म्हटलं, थांबता काय, ड्रमला वीज लागते का? आणि वाजवत राहिलो.

उजवा ठोका पडला. डावा कुठाय? काठी कातड्यावर पडताना मला दिसत होती, आवाज मात्र पाटावर बोट टेकल्यासारखा. नवरदेवाचा एक मित्र ओरडला, "ओ बाबा, जेवला नाय का?" सगळे हसले. कीबोर्डवाला तेवढा हसला नाही, खाली बघत राहिला. म्हणजे याला ठाऊक होतं.

जनरेटर सुरू झाला. मी एक डावा मारून बघितला. खणखणीत आला.

वरात पोचल्यावर गाडीमागे मुलाला धरलं. "काय केलंस मशीनमध्ये?"

"हलका पडो का जोरात, आवाज एकाच मापाचा येईल असं लावलंय." मग म्हणाला, "घरी बसवलं असतं तर तुम्ही जगला नसता, आबा."

सगळा सीझन डोळ्यांपुढून गेला. त्यातलं माझं किती होतं? पोरानं जीव लावून केलं, म्हणून तर जास्त लागलं. परक्यानं फसवलं असतं तर भांडलो तरी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी ड्रम अंगणात काढले. चकत्या नखानं सोडवून झोपलेल्या पोराच्या उशाशी ठेवल्या. मग ड्रमची चावी घेऊन एकेक कातडं ढिलं केलं, पुढं वाजवायचं नसलं की करतात तसं. डाव्या हातानं चावी फिरेना. उजव्यानं फिरवली.